कोंबडीनं पास केलेली गाडी

आधी एक गोष्ट सांगून टाकतो. बाई जगली आणि तिचं मूलही जगलं. हे शेवटपर्यंत लपवून वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लावायची युक्ती मला येते. पत्रकं लिहून लिहून ती हाताला लागली आहे. पण इथे ती वापरायची नाही. मला एका गाडीबद्दल लिहायचं आहे आणि त्या गाडीचा पुढचा भाग कुणी चोरला त्याबद्दल. चोरला हाच शब्द मी वापरणार. मंडळातले मित्र म्हणतात, "उसना नेला असं लिही." नाही लिहिणार.

आमचं मंडळ म्हणजे शहाद्यातली पाच-सहा पोरं, कुणी नापास, कुणी पास होऊन रिकामा, आणि आमच्या डोक्यावर एक वकील. त्यांना सगळा तालुका आप्पा म्हणायचा. आप्पांनी मला लिहायला शिकवलं. शाळेनं अक्षरं शिकवली, लिहायला आप्पांनी. "पत्रकाच्या पहिल्या ओळीनं वाचणाऱ्याची कॉलर धरली पाहिजे," म्हणायचे, आणि माझा कागद लाल पेन्सिलीनं उभा-आडवा छाटायचे. मी त्यांच्या ओसरीवर वाढलो म्हटलं तरी चालेल. माझ्या बापाशी मी जेवढा बोललो नसेन तेवढा त्यांच्याशी बोललो.

आमची मागणी साधी होती. धडगावकडच्या पाड्यांवर बाई अडली, कुणाला साप चावला, कुणी झाडावरून पडलं, तर त्याला खाली आणायचा एकच मार्ग होता, झोळी. लांब बांबू, त्याला गोधडी बांधायची, गोधडीत माणूस, बांबू दोघांच्या खांद्यावर, आणि घाट उतरत म्हसावदचा दवाखाना गाठायचा. मी पत्रकात लिहिलं, 'स्वातंत्र्य मोटारीत बसून आलं आणि सातपुड्याची आई अजून बांबूवर लटकते आहे.' आप्पांनी त्या ओळीला पेन्सिल लावली नाही. मी तो कागद जपून ठेवला होता. आता नाही.

सरकारनं गाडी दिली नाही. नंदुरबारच्या एका जिनवाल्या शेठजींनी दिली. मारवाडी माणूस, बोलायला कडू, पण पिकप अशीच देऊन टाकली. लढाईच्या काळातली अमेरिकन गाडी, पुढे माणसाच्या नाकासारखं लांब बॉनेट, गोल दिवे, मागे उघडा हौदा. आयुष्यभर रुईच्या गाठी वाहिलेल्या. आम्ही हौद्यावर ताडपत्री चढवली, आत गादी टाकली आणि वाटलं, झाली रुग्णांची गाडी. आमच्यातला एक जण चालवायला शिकला होता. तो माझा शाळेपासूनचा मित्र, एका बाकावरचा. त्यानं स्टिअरिंग धरलं, मी शेजारी बसलो, आणि जंगलखात्याच्या कच्च्या रस्त्यानं घाट चढून एका पाड्यावर गेलो.

पाड्याचा कारभारी म्हणजे गावाचा शब्द ज्याच्या तोंडून निघतो तो माणूस. हा वाळका, उंच, कमी बोलणारा. त्याची पावरी बोली मला येत नव्हती आणि माझी मराठी त्याला शाळेतली वाटायची, म्हणून आम्ही दोघं अहिराणीवर भेटायचो. मी भाषण केलं. त्यानं ऐकलं. मग गाडीला एक फेरा मारला, टायरवर पायाचा अंगठा दाबला, मागे गादीवर बसला आणि म्हणाला, चालव. पहिल्या वळणापर्यंत जाऊन आलो. तो उतरला, घरात गेला आणि एक टोपली घेऊन आला. टोपलीत खुडूक कोंबडी, अंड्यांवर बसलेली. टोपली त्यानं गादीच्या मधोमध ठेवली.

"म्हसावद जाईसन या," तो म्हणाला. "ही बशी ऱ्हायनी तं आमन्या बाया बी बसतीन."

आम्ही हसलो. मोटारीची परीक्षा कोंबडी घेणार! तो मागे टोपलीशेजारी बसला आणि आम्ही निघालो. घाटाचा पहिला उतार लागला, पुढची चाकं एका खड्ड्यात गेली, गाडीनं नाक खाली घातलं आणि झटक्यात वर काढलं. मागून जो आवाज आला तो मी विसरलेलो नाही. कोंबडी ताडपत्रीला जाऊन आपटली होती आणि ओरडत होती. गादी अंड्यांनी पिवळी झाली होती. कारभाऱ्यानं कोंबडी काखेत मारली, खाली उतरला आणि चढ चढून घरी चालता झाला.

"भो," माझा मित्र म्हणाला, "कोंबडीनं नापास केलं आपल्याला."

नंदुरबारला एक मिस्त्री होता. लोखंडाच्या पत्र्याची छपरी, बाहेर कडुनिंब, कडुनिंबाला साखळीनं टांगलेली इंजिनं. आम्ही त्याला कोंबडीची गोष्ट सांगितली तर तो आधी पोट धरून हसला, मग गाडीखाली शिरला आणि तिथूनच बोलायला लागला. "हाई गाडी गाठी लई जावाले बनेल शे. गाठीले दुखस का? मांगला पाटा मी हलका करी देस, ते सोपं शे. पन खरं दुखनं पुढे शे. घाट उतरतांना समदा भार पुढे येस. पुढे मार बठना की मांगे मानूस उडस."

पाटे म्हणजे पोलादाच्या वाकवलेल्या पट्ट्या, एकावर एक रचून बांधलेल्या. चाकाचा दणका त्या खातात. आमचे पुढचे पाटे जाड, आखूड आणि गंजून एकमेकांना चिकटलेले. पट्ट्या कसल्या, एकच ठोकळा झाला होता. दणका शोषणाऱ्या जुन्या डब्यांमधलं तेल कधीच आटलेलं. मिस्त्री म्हणाला, इंदूरला एक कारखाना आहे, घाटातल्या मोटारींसाठी पुढचा खास सेट करून देतो. लांब, पातळ, जास्त पट्ट्यांचे पाटे आणि नळीसारखे नव्या पद्धतीचे शॉकॲब्सॉर्बर. कंपनीच्या गाडीला असले कधी येत नाहीत. आम्ही वर्गणी काढली. शाळेतल्या मास्तरांनी दिली, तापीकाठच्या गुजर शेतकऱ्यांनी केळीच्या हंगामात दिली, रनाळ्याच्या आठवडी बाजारात डबा फिरवला. सेट आला तेव्हा गोणपाटात गुंडाळलेला होता आणि आम्ही तो लग्नातला शालू उलगडावा तसा उलगडला.

बसवायचं काम आम्ही मिस्त्रीच्या हाताखाली केलं. पुढचा भाग जॅकनं उचलून खाली रेल्वेचे लाकडी स्लीपर सरकवले. चाकं काढली. पाट्यांना आसाशी धरून ठेवणारे वाकडे बोल्ट गंजून असे बसले होते की रॉकेल पाजून, ठोकून, शिव्या देऊन शेवटी छिन्नीनंच तोडावे लागले. नवे पाटे जुन्यापेक्षा लांब, म्हणून त्यांचं मागचं टोक अडकवायचं कडं सांगाड्यावर मागे सरकवायचं होतं. पण मुळात ते कुठे असायला हवं हेच कळेना, कारण कुणीतरी आधीच ठोकून वाकवलेलं. तेव्हा आप्पा त्यांच्या मेव्हण्याची मोठी मोटार घेऊन छपरीपाशी आले होते. त्याच कंपनीची, त्याच सांगाड्यावर बांधलेली, फक्त वर हौद्याऐवजी बसायच्या जागा. मिस्त्री तिच्याखाली शिरला आणि मापं घेऊन आला.

"दोन्हीस्ना पुढला भाग एकच शे," तो खूश होऊन म्हणाला. "सख्खा भाऊ!"

आप्पा खुर्चीवर पेपर वाचत होते. पेपर खाली करून त्यांनी विचारलं, "किती मऊ होईल म्हणता?"

"आप्पा, हातमा चहाना कप धरीसन बठा. थेंब सांडनार नही."

"वा," आप्पा म्हणाले आणि परत पेपरात शिरले. एवढंच बोलणं. मी ते लक्षात का ठेवलं? तेव्हा नव्हतं ठेवलं. नंतर ते आपोआप वर आलं.

पहिल्या फेरीला गाडी मऊ झाली पण खड्डा लागला की आपण होऊन डावीकडे ओढायची. मिस्त्री म्हणाला, पाटे जास्त दबतात, तसं स्टिअरिंगची दांडीही खेचली जाते. त्यानं दांडीचा कोन बदलला. मग आस आणि पाट्यांच्या मधे लोखंडी पाचर घातली, म्हणजे वळणानंतर चाकं आपोआप सरळ येतात. त्यानंतर नंदुरबार-प्रकाशा रस्त्यावर मी मागे गादीवर झोपून गेलो आणि मला खरोखर झोप लागली.

एक वेडेपणा मी माझा केला. भिंतींवर घोषणा रंगवायचा तांबडा ऑइलपेंट उरला होता. गंज लागू नये म्हणून मी नव्या पाट्यांच्या कडांना तो फासला.

मिस्त्री ओरडला, "पाट्यास्ले कोनी रंग लावस का रे, येडा? ग्रीस लावतस!"

"आमची गाडी आहे," मी म्हणालो. "आमचाच रंग असू द्या."

त्यानं कपाळावर हात मारून घेतला आणि पट्ट्यांच्या मधल्या फटींतला रंग खरवडून काढला. कडांना मात्र राहू दिला.

कारभाऱ्याकडे परत गेलो. त्यानं कोंबडी दुसरी आणली. पहिली म्हणे आता अंड्यांवर बसायचं नावच काढत नाही. आम्ही म्हसावदपर्यंत उतरलो, तो मागे तिच्याशेजारी उकिडवा. पूर्ण घाट मला मागून आवाज आला नाही. म्हसावदच्या चौकात गाडी उभी केली आणि मागे धावलो. कोंबडी डोळे अर्धे मिटून बसलेली. कारभाऱ्यानं तिच्याखाली हात घातला, चाचपलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्याचे दात दिसले. चौकातल्या हॉटेलवाल्यानं विचारलं, "कोंबडी इकायनी शे का?" माझा मित्र म्हणाला, "नही हो, ती इन्स्पेक्टर शे!"

त्या हिवाळ्यात गाडीनं माणसं आणली. तापानं फणफणलेली पोरं आणली, पाय मोडलेला एक म्हातारा आणला, आणि बायका आणल्या. कारभारी प्रत्येक वेळी बांबूही गाडीत टाकायचा, सवयीनं. मी चिडवायचो, "आता कशाला?" तो म्हणायचा, "ऱ्हाऊ दे." हळूहळू त्यानं बांबू टाकणं सोडलं. मला कुणी हार घातला असता तर एवढा आनंद झाला नसता.

मग निवडणूक आली आणि आप्पा उभे राहिले. आम्हाला वाटलं आपलाच माणूस आत जातो आहे, आता धडगावला दवाखाना होणारच. त्यांचं पत्रक मीच लिहिलं. गाडीचं चित्र छापून घेतलं आणि खाली ओळ टाकली, 'घाटातली आई आता दणका खात नाही.' ओळ बरोबर कॉलर धरणारी होती. मी दिवसभर सभा करत तळोद्याकडे फिरत होतो, त्यामुळे गाडीवर बरेच दिवस गेलो नाही.

गेलो तो नेमका त्या दिवशी. म्हसावदला मित्र गाडी घेऊन उभा होता. कारभाऱ्याच्या सुनेच्या कळा सुरू झाल्याचा निरोप आला होता, दिवस भरले होते पण मूल आडवं होतं. मी चढून बसलो. वर जाताना मला वाटलं, रस्ता फार खराब झाला आहे. मित्र नेहमी बडबड्या, तो गप्प होता. मला वाटलं, काळजीनं.

सुनेला गादीवर ठेवली. सासू तिच्या डोक्याशी, कारभारी पायाशी. बांबू घेतला नव्हता. उतार लागला आणि पहिल्याच खड्ड्यात गाडीनं नाक आपटलं. जुनं, ओळखीचं आपटणं. मागून सून किंचाळली. मी मित्राला म्हणालो, हळू. तो हळूच चालवत होता. दुसरा खड्डा. तिसऱ्याला कारभाऱ्यानं पत्र्यावर जोरात थाप मारली आणि आम्ही थांबलो.

मी गाडीखाली शिरलो. पाटे जाड होते, आखूड होते, गंजलेले होते. तांबडं काही नव्हतं. ज्यांना आम्ही मिस्त्रीच्या छपरीत कोपऱ्यात फेकून दिलं होतं तेच आमचे जुने पाटे, परत जागेवर. मी धुळीत पालथा पडून ते बघत राहिलो. मग बाहेर आलो.

"नवे कुठे आहेत?" मी मित्राला विचारलं.

त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. "माले काय इचारस, भो? आप्पास्ले इचार."

"तुला माहीत होतं?"

"दौरा शे त्यास्ना. रोज गावंच्या गावं. कंबर गयी त्यास्नी. निवडणूक व्हयनी का परत बसाडी देसूत, इतलंच बोलनं व्हयनं."

"आणि मला कोणी सांगणार होतं?"

"तू आरडाओरडा करता. म्हनून नही सांगं."

बरोबर. मी आरडाओरडा केला असता. एका बाकावर बसलेला माणूस माझ्याबद्दल एवढं अचूक जाणतो आणि त्याचा उपयोग असा करतो.

कारभारी हे सगळं ऐकत उभा होता. त्याला आप्पांच्या कमरेशी देणंघेणं नव्हतं. त्यानं मला एकच विचारलं, "गाडी बदली का?" मी म्हणालो, गाडी तीच आहे, तिच्या खालचं काढून नेलं आहे. "कोन?" मी म्हणालो, आमच्याच माणसानं. त्यानं मान हलवली. ते 'आमच्याच' त्यानं बरोबर ऐकलं. मी वेगळा आणि आप्पा वेगळे, अशी वाटणी त्याच्याकडे नव्हती. शहाद्याहून गाडी आली होती, शहाद्याच्या माणसांनी शब्द दिला होता, शहाद्याच्या माणसांनी फिरवला.

तो रस्त्याच्या कडेला उतरला आणि बांबू तोडून आणला. गादीवरची गोधडी बांधली. सुनेला झोळीत घेतली. पुढचा खांदा त्यानं दिला. मागच्या खांद्याला मी पुढे झालो, तर त्यानं हातानं मला बाजूला केलं, रागानं नाही, ओझं हलवताना माणूस मधे आला तर करतात तसं. रस्त्यानं लाकूड घेऊन येणाऱ्या एका माणसाला त्यानं हाक मारली. त्यानं मोळी टाकली आणि खांदा दिला. झोळी निघाली. बांबू चालीबरोबर लवत होता आणि गोधडी त्याच्याखाली मंद हलत होती. किंचाळणं थांबलं. मी मागून चालत गेलो. म्हसावदला सुईण आणि कंपाउंडर दोघं मिळाले, मूल फिरवून घेतलं, आणि पुढचं मी सुरुवातीलाच सांगितलं आहे.

तिथून मी थेट आप्पांकडे. ओसरीवर माणसांची गर्दी, अंगणात मेव्हण्याची मोटार. मी सरळ तिच्यापुढे गुडघ्यावर बसलो आणि खाली बघितलं. तांबड्या कडा. माझ्या ब्रशाचे ओघळसुद्धा तसेच.

"ये ये," आप्पा वरून म्हणाले. "चहा घे. तुझी ओळ फार चालली रे. लोक पाठ म्हणतात."

"आप्पा, पाटे काढा."

"बस आधी."

"धडगावची बाई आज दणके खात होती. तुम्ही ह्यात चहा पीत होता."

आप्पा उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवून मला कडेला नेलं आणि समजुतीच्या आवाजात बोलले. तो आवाज मला पाठ होता, माझे कागद छाटताना तोच असायचा. "तू हुशार आहेस, म्हणून सांगतो. मी पडलो तर दवाखाना मागणार कोण? एक गाडी धरून बसतोस. मी निवडून आलो तर सातपुड्यात दहा गाड्या फिरतील. थोडे दिवस. मोठ्या कामासाठी थोडं सोसावं लागतं."

"तुम्ही कुठे सोसताय? ती सोसते आहे!"

"हळू बोल," ते म्हणाले. एवढंच. हळू बोल. ज्यांनी मला ओरडायला शिकवलं ते.

मिस्त्रीला विचारलं तर बिचारा गोंधळला. "माले वाटनं, तुम्हीच सांगेल शे." मंडळात विषय काढला. मी पत्रक लिहून वाचून दाखवलं, पहिली ओळ होती, 'आमच्या पुढाऱ्याखाली तांबडं काय आहे ते वाकून बघा.' एक जण हसला. बाकीचे म्हणाले, निवडणूक होऊ दे. विरोधकाला फायदा कशाला? मी विचारतो, फायदा-तोट्याचा हा हिशेब झोळीतल्या बाईनं कुठे मांडायचा होता?

आप्पा निवडून आले. पाटे खरंच परत आले, तेवढा शब्द त्यांनी पाळला, आणि मिस्त्रीनं ते पिकपला पुन्हा बसवले. पाचर, दांडी, सगळं जागच्या जागी. मंडळी म्हणाली, "बघ, आलं की नाही परत? उगाच नाचत होतास." जणू गेलं होतं ते फक्त पोलादच.

मित्राला घेऊन मी पाड्यावर गेलो. आम्ही एकमेकांशी कामापुरतं बोलत होतो. कारभारी ओट्यावर दोरी वळत बसला होता, शेजारी त्याचा नातू गोधडीवर पालथा. मी म्हणालो, नवे पाटे परत आले आहेत, ये, बघ. तो आला नाही. मी म्हणालो, मग कोंबडी दे. परत परीक्षा घे. म्हसावदपर्यंत जाऊन येऊ.

तो उठला, घरात गेला आणि टोपली घेऊन आला. कोंबडी, अंडी, सगळं. माझ्या हातात दिली.

"कोंबडी ली जा, भाऊ," तो म्हणाला. "मानूस नही."

आणि परत दोरी वळायला बसला.

मी टोपली ओट्यावर ठेवली आणि निघालो. अर्ध्या घाटात पुढे एक झोळी दिसली. दुसऱ्या पाड्याची, आत कोणीतरी म्हातारी, गोधडीतून नुसते पाय दिसत होते. मित्रानं हॉर्न वाजवला आणि गाडी शेजारी घेतली. मी हात करून मागची गादी दाखवली. झोळीवाल्यांनी बघितलं, मान हलवली आणि चालत राहिले. ही बातमी डोंगरात आमच्या आधी पोचली होती.

रस्ता अरुंद होता. पुढे जायला जागा नव्हती, जायला तोंडही नव्हतं. मित्रानं पहिला गिअर टाकला आणि आम्ही झोळीच्या मागे, तिच्या चालीनं, घाट उतरलो. मी मागे जाऊन गादीवर बसलो होतो. खड्ड्यामागून खड्डे येत होते आणि मला एकाचाही दणका लागला नाही.